मोडेन पण वाकणार नाही : कण्याच्या प्रतिमा आणि कण्याची प्रारूपे

भाषेच्या पुराव्यावरून पाहता, शरीराच्या ज्या एका भागाचा मराठी माणसाला विशेष अभिमान वाटत आला आहे, तो भाग म्हणजे कणा. 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण आपण जवळजवळ स्वाभिमानाची व्याख्या म्हणून वापरतो. तत्त्वाला न जागणाऱ्या माणसाला 'कणा नाही' असे म्हणतो. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेचे नुसते शीर्षक उच्चारले तरी श्रोत्यांना पुढचे सारे आठवते. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती मिळवलेले कण्याचे शल्यविशारद डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ताठ कणा' हेच नाव दिले. या सर्व ठिकाणी कणा म्हणजे ताठपणा आणि ताठपणा म्हणजे नीती, हे समीकरण गृहीत धरलेले आहे.

याच भाषेत कण्याविषयी बोलण्याची दुसरीही एक रीत आहे. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या आठवडी बाजारात किंवा दवाखान्याच्या ओट्यावर कान दिला तर ती ऐकू येते. 'मणक्यात गॅप आहे', 'नस दबली', 'चकती सरकली', 'पट्टा बांधायला सांगितला'. येथे कणा हा अभिमानाचा विषय नाही, दुखण्याचा आहे. गंमत अशी की ज्याला लोक 'गॅप' म्हणतात, तिथे बहुधा उलटेच घडलेले असते. चकती झिजली की दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, कमी होते. पण शब्द चुकला तरी जाणीव खरी आहे. जिथे काहीतरी भरलेले असायला हवे होते, तिथे ते उरलेले नाही, एवढे त्या शब्दाला सांगायचे असते.

गेल्या सत्तर वर्षांत कण्याविषयी बोलण्याची तिसरी रीत घडत गेली. ती अभियंत्यांची आहे. कमरेच्या मणक्यांत बसवायचे स्क्रू, सळ्या, पिंजरे आणि कृत्रिम चकत्या आता प्रथम संगणकाच्या पडद्यावर जन्माला येतात. तिथे कण्याचे एक गणिती प्रारूप उभे केले जाते, त्यावर भार टाकला जातो, त्याला वाकवले आणि पिळले जाते, आणि मग धातूला हात लावला जातो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या रीतीचा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की प्रारूप हेही एक वाचनच असते. आणि प्रत्येक वाचनाला विचारावा तो प्रश्न त्यालाही विचारता येतो : हे कोणाच्या शरीराचे वाचन आहे?

आरंभ आपल्याकडच्या शब्दांपासून करू. 'मणका' या शब्दात मणी आहे. म्हणजे कणा ही एक माळ आहे. माळेतला मणी स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, त्याला दोरा लागतो. 'मेरुदंड' हा योगपरंपरेतला शब्द. त्यात पर्वतही आहे आणि काठीही आहे, आणि दोन्ही न वाकणारे आहेत. तिसरा शब्द 'पृष्ठवंश'. 'पृष्ठवंशी प्राणी' हा शब्दप्रयोग शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांच्या कानावरून गेलेला असतो, पण त्यातला 'वंश' म्हणजे वेळू, बांबू, हे सहसा लक्षात येत नाही. वेळूला पेरे असतात. तो पोकळ असून भक्कम असतो आणि वाऱ्यात लवतो. माळ, काठी आणि वेळू ही एकाच अवयवाची तीन चित्रे, आणि प्रत्येकाचे यंत्रशास्त्र निराळे. पाश्चात्त्य वैद्यकात कण्याच्या इम्प्लांटचा जो इतिहास घडला, तो या तीन चित्रांच्या भाषेत सांगता येण्यासारखा आहे.

शरीराचे प्रारूप रचण्याची हौस केवळ अभियंत्यांची नव्हे. आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची कथा सांगितली, आणि साहित्यविद्यावधूशी त्याचा विवाह विदर्भातल्या याच वत्सगुल्मात लावून दिला. त्या काव्यपुरुषाला राजशेखराने अवयववार शरीर दिले आहे. शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, अपभ्रंश ही कंबर आणि तिच्याखालचा भाग, पैशाची हे पाय, मिश्र भाषा ही छाती, आणि रस हा आत्मा. या यादीत पाठ नाही. मात्र शरीराचा भार जिथून पायांकडे उतरतो ती जागा राजशेखराने अपभ्रंशाला, म्हणजे लोकांच्या बोलण्याला, दिली आहे. त्याच्या मनात भारवहनाचा विचार होता असे म्हणण्याचा हेतू नाही. शरीराचे प्रारूप रचणारा काय मोजतो, कशाला नाव देतो आणि काय वगळतो यावर त्याचे शरीर ठरते, एवढेच यातून घ्यायचे आहे.

त्याच भूमीत आज कंबर कोणत्या स्थितीत दिवस काढते ते पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा हा वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा. पिके मुख्यतः सोयाबीन, तूर आणि कापूस. पावसाळ्यात उकिडवे बसून निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. सोंगणी कमरेतून वाकून, हातात विळा घेऊन, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. त्यातच डोक्यावर भारा, हंडा, मोळी. ही कंबर ताठ नसते. ताठ राहिली तर तिला रोजगार मिळणार नाही. म्हण आणि मजुरी यांत हे अंतर आहे, आणि इम्प्लांटच्या इतिहासातही नेमके हेच अंतर पुन्हा पुन्हा आडवे येते.

हाडाकडे बांधकाम म्हणून पाहण्याचा प्रारंभ झ्युरिकमध्ये झाला. शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद काढून त्यातल्या जाळीचे चित्र तयार केले होते. १८६६ च्या सुमारास ते कार्ल कुलमान या अभियंत्याच्या दृष्टीस पडले. कुलमान त्या वेळी भार उचलणाऱ्या यारीचा आराखडा करत होते. हाडातल्या जाळीच्या रेषा आपल्या यारीतल्या ताण-दाबाच्या रेषांसारख्याच आहेत, असे त्यांना दिसले. डार्सी टॉमसन यांनी १९१७ च्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात हा प्रसंग सांगितल्यामुळे तो साहित्यवाचकांपर्यंतही पोहोचला. १८९२ मध्ये युलिउस वोल्फ यांनी त्यातून नियम मांडला : हाड आपल्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते. भार वाढला तर ते दाट होते, भार काढून घेतला तर विरळ होते. इम्प्लांटची पुढची सारी अडचण या एका वाक्यात आहे. धातूने भार स्वतःकडे घेतला तर हाडाला काम उरत नाही, आणि काम न उरलेले हाड क्षीण होते.

कण्यावरचा पहिला मोठा धातू काठीच्या रूपाने आला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओमुळे कणा वाकडा झालेली मुले होती. त्यांनी पोलादी सळीला दोन टोकांना आकडे लावून कणा ताणून धरण्याची पद्धत काढली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. असंख्य मुलांना तिने आधार दिला, आणि दोन-तीन दशके तीच प्रमाण पद्धत राहिली. पण तिच्यात मेरुदंडाचे चित्र दडलेले होते : कणा म्हणजे काठी, वाकडी झालेली काठी सरळ करायची. वस्तुतः निरोगी कमरेचा कणा सरळ नसतोच. कमरेचे पाच मणके पुढच्या बाजूला बाक घेऊन त्रिकास्थीवर टेकलेले असतात, आणि या बाकामुळेच धड पायांवर तोलले जाते. सळी कमरेपर्यंत उतरली की हा बाक सपाट होई. अशा काही रुग्णांना पुढे सरळ उभे राहता येईना. धड पुढे झुके, आणि तोल साधण्यासाठी गुडघे वाकवून चालावे लागे. १९७० च्या दशकात या अवस्थेला 'फ्लॅट बॅक' असे नाव मिळाले. कणा ताठ केल्यामुळे माणूस वाकला, याहून मोठा विरोधाभास सुभाषितकारालाही सुचला नसता. शिवाय मणके एकमेकांशी जुळून आले नाहीत तर रोजच्या हालचालींच्या आवर्तनांनी थकून सळी तुटत असे. म्हणीतले 'मोडेन' धातूने शब्दशः खरे केले.

दरम्यान दुसरे दोन मार्ग निघाले. पॅरिसमध्ये रेमों रॉय-कामिय यांनी १९६३ मध्ये मणक्याच्या मागच्या बाजूने, पेडिकल या आखूड हाडी खांबातून, थेट मणक्याच्या शरीरात स्क्रू घातला. आता सळी दूरच्या टोकांना न अडकता प्रत्येक मणक्याला पकडू लागली, आणि बाक राखणे शक्य झाले. दुसरा मार्ग होनोलुलूच्या राल्फ क्लाउअर्ड यांचा : पाठीकडून शिरून झिजलेली चकती काढायची, तिथे हाडाचे तुकडे बसवायचे आणि दोन मणके जुळू द्यायचे. १९५३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि 'प्लिफ' या आद्याक्षरी नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाऊ लागली. पुढे हाडाच्या तुकड्यांभोवती धातूचा किंवा प्लास्टिकचा पिंजरा आला. 'गॅप' हा लोकांचा शब्द येथे शल्यविशारदाच्या हातात एक मोजता येणारी पोकळी झाला : किती उंचीचा पिंजरा, किती अंशांचा उतार.

या टप्प्यावर मुंबई इतिहासात येते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे अनुभव घेऊन परतलेल्या डॉ. रामाणी यांनी शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयात काम केले. 'प्लिफ' ही शस्त्रक्रिया भारतात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. कमरेच्या नव्हे, मानेच्या मणक्यांबाबत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी पहिल्या दोन मणक्यांना पट्टी आणि स्क्रूने बांधण्याची पद्धत विकसित केली. १९९४ मध्ये लाहेरी यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली. आज ती जगभर त्यांच्या आणि जर्मनीच्या हार्म्स यांच्या जोडनावाने ओळखली जाते. या दोन्ही गोष्टी घडल्या त्या सार्वजनिक रुग्णालयांत, गर्दीत, शल्यविशारदाच्या हातातून आणि नजरेतून. संगणकाचे प्रारूप तोवर वेगळ्या वाटेने येत होते.

ती वाट विमानाच्या पंखातून निघाली. पंखासारख्या वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूवर भार आला तर आत कुठे किती ताण पडेल, हे एका समीकरणात मांडता येत नाही. १९५६ मध्ये बोइंग कंपनीशी संबंधित टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून हिशेब करण्याची पद्धत मांडली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही पद्धत पदच्छेद आणि अन्वय यांच्या उदाहरणाने समजावी. लांब समासयुक्त वाक्याचा अर्थ एकदम लागत नाही, म्हणून आपण पदे सुटी करतो, प्रत्येक पदाचा अर्थ आणि विभक्ती ठरवतो, आणि मग ती एकमेकांशी जोडून पूर्ण वाक्याचा अर्थ लावतो. येथे हाडाचे हजारो, कधी लाखो, सूक्ष्म तुकडे करतात. प्रत्येक तुकडा किती दाबला तर किती दबेल, हे त्याच्या कठिणतेवरून ठाऊक असते. शेजारच्या तुकड्यांचे कोपरे एकच असल्यामुळे त्यांची हालचाल जुळलीच पाहिजे, ही अट घातली की समीकरणांचा प्रचंड संच तयार होतो. तो संगणक सोडवतो.

१९७२ मध्ये ही पद्धत मांडीच्या हाडाला लावली गेली. १९७४ मध्ये शिकागोचे बेलिच्को आणि त्यांचे सहकारी यांनी ती कण्याच्या चकतीला लावली. चकती ही अभियंत्याची परीक्षा पाहणारी वस्तू आहे. आत पाण्याने भरलेला मऊ गर, भोवती तिरप्या तंतूंचे एकावर एक थर, आणि शेजारच्या थरातल्या तंतूंचा कल उलट. बुरुडाच्या विणीशी तिचे साम्य आहे. पुढे सीटी स्कॅन आल्यावर प्रारूपाला एका विशिष्ट माणसाचा आकार मिळाला. स्कॅनमधल्या करड्या छटेवरून त्या त्या जागी हाड किती दाट आहे याचा अंदाज घेता येतो, आणि तुकड्यागणिक वेगळी कठिणता देता येते. आज कमरेसाठी पिंजरा रचताना साधारणतः हाच क्रम असतो. स्कॅनवरून मणके उभे करायचे, चकती आणि स्नायुबंध जोडायचे, पडद्यावरच चकती काढून पिंजरा व स्क्रू बसवायचे, आणि भार टाकून पाहायचे : मणक्याच्या वरच्या पातळ पापुद्र्यावर दाब इतका एकवटतो का की पिंजरा त्यात रुतेल? स्क्रूच्या मानेशी धातू थकेल का? जोडलेल्या भागाच्या वरच्या मोकळ्या चकतीवर जादा ताण जातो का?

या प्रश्नांतून पदार्थही बदलले. टायटॅनियमच्या मिश्रधातूची कठिणता सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या घट्ट कवचाची साधारण १२ ते २०, आणि 'पीक' या प्लास्टिकची ३ ते ४. पोलादी काठीकडून हाडाच्या जवळच्या पदार्थाकडे झालेला हा प्रवास आहे. अलीकडे टायटॅनियमच त्रिमितीय छपाईने जाळीदार करून त्याची कठिणता उतरवतात. मायर यांनी चित्रात टिपलेली हाडातली जाळी अशा रीतीने दीड शतकानंतर धातूत आली. मणके जुळवून टाकण्याऐवजी हालचाल राखणारी कृत्रिम चकतीही निघाली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात १९८४ मध्ये ती प्रथम बसवली गेली. तिच्या दोन रचनाकारांपैकी एक होत्या कारिन ब्युटनर-यांझ, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळवलेल्या खेळाडू. वेळूची कल्पना प्रथम धातूत उतरवणाऱ्यांत असे लवचीक शरीर असलेली व्यक्ती असावी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

परंतु या साऱ्या गणिताच्या मुळाशी एक कोडे होते. अठराव्या शतकात ऑयलर यांनी दाखवून दिले होते की उंच सडपातळ खांब ठरावीक भारापलीकडे चिरडण्याआधीच बाजूला कलून कोसळतो. मृत शरीरातून काढलेला, स्नायू नसलेला पण स्नायुबंध शाबूत असलेला कमरेचा कणा उभा करून त्यावर वजन ठेवले, तर तो सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे जेमतेम नऊ किलोंना, कलतो. क्रिस्को आणि पंजाबी यांनी १९९२ मध्ये हे मोजले. पाण्याने भरलेल्या मोठ्या हंड्याहूनही हे वजन कमी. आणि जिवंत माणूस तर नुसता उभा असतानाही याच्या कितीतरी पट भार पेलतो. मग माळेतले मणी उभे राहतात ते कशाच्या बळावर?

याचे एक प्रभावी उत्तर १९९९ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील अविनाश पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पटवर्धन हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही. भार वरून सरळ खाली टाकण्याऐवजी त्यांनी तो दोन्ही बाजूंच्या तारांमधून असा वाहून नेला की प्रत्येक मणक्यापाशी बलाची दिशा कण्याच्या बाकाला अनुसरून वळेल. या 'फॉलोअर लोड'खाली, म्हणजे अनुगामी भाराखाली, तोच स्नायूविरहित कणा १२०० न्यूटनपर्यंत, सुमारे १२० किलोंपर्यंत, न कलता उभा राहिला. कण्याला लागून असलेले स्नायू हेच काम करत असावेत, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे कणा भार पेलतो तो ताठ असल्यामुळे नव्हे. भार त्याच्या बाकातून, वळण घेत, उतरतो म्हणून पेलतो. मणक्यांची माळ दोऱ्यामुळे उभी राहते, आणि दोरा म्हणजे स्नायू. संगणकीय प्रारूपांत आज कमरेवर ४०० ते ५०० न्यूटनचा अनुगामी भार आणि वर ७.५ न्यूटन-मीटरचे वाकवणारे बल टाकण्याची प्रथा रूढ झाली आहे. मीटरभर लांबीच्या आडव्या काठीच्या टोकाला पाऊण किलो टांगले तर मुठीशी जो पीळ बसेल, तेवढे हे बल.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू : हे कोणाच्या शरीराचे वाचन? प्रारूप खरे की खोटे हे ठरवण्यासाठी जिवंत शरीरातली मोजमापे लागतात, आणि ती मिळवणे अत्यंत कठीण. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून दाब मोजले. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी ते काम नव्या साधनांनी केले. उभे असताना ०.५ मेगापास्कल, पुढे वाकून उभे असताना १.१, वीस किलोंचे ओझे पाठ गोल करून उचलताना २.३, आणि तेच गुडघे वाकवून उचलताना १.७. हे आकडे आज असंख्य प्रारूपांची कसोटी आहेत. ते सर्व एकाच स्वयंसेवकाच्या एकाच चकतीतले आहेत. बर्लिनमध्ये पुढे मणक्याच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटमध्येच मापक घालून, बिनतारी पद्धतीने, चालता-वाकताना पडणारे भार नोंदवले गेले. असे रुग्ण पाच. या संशोधकांच्या कामाचे मोल कमी नाही. आपले अंग त्यासाठी देऊ करणाऱ्यांचे तर नाहीच. पण एका पोथीवरून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाला आपण जे विचारू, ते येथेही विचारावे लागते. या क्षेत्रातील अभ्यासकांना याची जाणीव आहे. २०१४ मध्ये कमरेच्या कण्याची आठ प्रसिद्ध प्रारूपे शेजारी ठेवून तपासली गेली, तेव्हा कोणत्याही एका प्रारूपापेक्षा आठांचा मध्यक प्रत्यक्ष मोजमापांच्या अधिक जवळ जातो असे आढळले. पाठभेदांची तुलना करून संहिता ठरवण्याचाच हा प्रकार.

मोजमापांबरोबर गृहीतकेही असतात. कृत्रिम चकतीच्या टिकाऊपणाचा हिशेब करताना माणूस वर्षाला सुमारे सव्वा लाख वेळा लक्षणीय वाकतो, असा एक आकडा वापरला जातो. म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या आतबाहेर. ही मोजणी वाकण्याला क्रिया मानते : वाकलो, उठलो, एक आवर्तन झाले. सोंगणी करणाऱ्या बाईचे वाकणे मोजायचे तर हा एकक अपुरा पडतो. तिचे वाकणे ही घडून संपणारी क्रिया नाही, ती दिवसाची अवस्था आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ते 'वाकते' नव्हे, 'वाकलेली असते' असे आहे. हा फरक शब्दांपुरता नाही. दीर्घकाळ वाकलेल्या स्थितीत स्नायुबंध आणि चकती हळूहळू ताणत, चेपत जातात, आणि उठल्यावर त्यांचा घट्टपणा लगेच परत येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी नोंदवली होती. माणूस कमरेतून पुढे वाकू लागला की पाठीचे स्नायू जोर लावतात. पण तो पूर्ण वाकला की त्या स्नायूंमधली विद्युत हालचाल जवळजवळ थांबते, आणि धडाचा भार स्नायुबंधांवर व चकत्यांवर लोंबकळतो. पटवर्धनांच्या कल्पनेशी हे ताडून पाहावे. भाराला बाकातून वळवून नेणारे जे स्नायू, तेच या स्थितीत मागे सरतात. म्हणजे अनुगामी भाराचे गृहीतक उभ्या आणि चालत्या माणसाला जितके लागू पडते, तितके ते खोल वाकून तासन् तास काम करणाऱ्या शरीराला लागू पडत नाही, असेच म्हणावे लागेल. आणि शेतमजुराचे शरीर नेमके तिथेच असते.

मापांचाही प्रश्न आहे. भारतीय मणक्यांच्या पेडिकलची मापे घेणारे अभ्यास २००२-०३ च्या सुमारास 'स्पाइन' या नियतकालिकात आले. काही पातळ्यांवर ही रुंदी पाश्चात्त्य मापांपेक्षा कमी असल्याचे त्यांत दिसते. पेडिकलच्या आतल्या अंगाला लागूनच मज्जातंतू असतात. तिथे मिलिमीटरचा फरक म्हणजे स्क्रू हाडात राहणे आणि हाड फोडून बाहेर येणे यांतला फरक. इंग्रजी वाङ्मयाची मोजपट्टी मराठी कादंबरीला लावली की काय होते, यावर आपण पुष्कळ वाद घातले आहेत. तिथे फार तर कादंबरीवर अन्याय होतो. येथे पाय लुळा पडू शकतो.

याचा अर्थ संगणकीय प्रारूपे निरुपयोगी आहेत असा मुळीच नव्हे. उलट हॅरिंग्टन यांच्या काळी जे रुग्णाच्या पाठीवरच कळले, ते आज पडद्यावर आधी कळू शकते. प्रारूपाची खरी शक्ती अशी की त्याला दुसरा प्रश्न विचारता येतो. भार बदलता येतो, बाक बदलता येतो, हाडाची घनता कमी करता येते, पाच मिनिटांऐवजी पाच तास वाकवून ठेवता येते. पण तो प्रश्न कोणाला तरी सुचावा लागतो, आणि त्यासाठी सोंगणीच्या ओळीतले शरीर कोणीतरी आधी मोजावे लागते. महाराष्ट्रात त्याची साधने आज आहेत. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या रचनेसाठी 'बेटिक' हे केंद्र सुरू झाले, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याच्या शाखा निघाल्या. वाशिममध्ये २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडले. स्कॅन, गणित आणि ज्यांची पाठ दुखते ती माणसे एकाच प्रदेशात असण्याची स्थिती विदर्भात आहे.

या कामात साहित्याच्या अभ्यासकाचा वाटा काय, असे कोणी विचारील. एक वाटा शब्दांचा आहे. 'कंबर धरली', 'कंबर गेली', 'चमक भरली', 'पाय जड झाला' हे वऱ्हाडी माणसाच्या तोंडचे निरनिराळे शब्द निरनिराळ्या वेदना सांगतात, आणि सारे 'गॅप' या एका खोक्यात कोंबले की ती माहिती हरवते. त्यांचा नीट संग्रह हे भाषेचेही काम आहे आणि वैद्यकाचेही. दुसरा वाटा प्रतिमांच्या परीक्षणाचा. मेरुदंडाच्या चित्राने एके काळी माणसांच्या कमरेतला बाक काढून घेतला. चित्र चुकले की धातू चुकतो. 'मोडेन पण वाकणार नाही' हे ब्रीद म्हणून ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर मिरवावे. सोयाबीनच्या ओळीत वाकलेल्या कण्यासाठी स्क्रू घडवायचा असेल, तर मात्र वाकणे हा दोष नसून त्या कण्याचे रोजचे काम आहे, येथून हिशेब मांडावा लागेल.